बाईंचा थर

४ फेब्रुवारी

इतके दिवस लिहिलं नाही. माफी मागायची तर कागदाचीच, दुसरं कोण वाचतंय? लिहायला बसले असते तर धाकट्या जावेबद्दल लिहावं लागलं असतं. ते टाळत होते.

लहान मुलांच्या जाकिटांचा माल गिऱ्हाइकाने परत पाठवला. काखेतली शिवण उसवलेली. माल गाडीत चढण्याआधीची, निवडक खोक्यांची शेवटची तपासणी माझी, आणि माझ्या अहवालात 'पास'. मग चूक कोणाची? शिलाईच्या लाइनवर एकेक नग तपासायला बसते तिची — म्हणजे जावेची. तिला काढून टाकलं. घरी ती एवढंच म्हणाली, "ताई, उसवलेले पीस मी बाजूला काढले होते. दोष दाखवणारी बाणाची पट्टी चिकटवून."

मी म्हटलं, "सगळे असंच म्हणतात."

दीर तिला म्हणाला, "वहिनीचंही नाव घालवलंस." मी त्याला अडवलं नाही.

७ फेब्रुवारी

आज पॅकिंगमध्ये नेहमीपेक्षा लवकर पोचले. खोक्यांच्या राशीमागून पॅकिंगच्या मामांचा आवाज — "चांगला माल बाईंच्या थरात लावा रे. बाकीचा खाली जाऊ दे."

"बाईंचा थर म्हणजे कोणता हो, मामा?"

पोरं खोकी बांधायला लागली. मग मामा हसले. "मानाचा थर, बाई. तुम्हाला वाकायला नको."

मीही हसले. हसले!

राशीतली कुठलीही खोकी मी निवडायची, ती उघडून तपासायची, असा नियम. राशीपुढे उभी राहिले आणि बोट आपसूक छातीच्या उंचीला गेलं. गुडघा दुखायला लागल्यापासून तिथेच जात असणार. कारखान्यात मला कडक म्हणतात. कडक मी, आणि खोकी निवडणार मामा.

८ फेब्रुवारी

गुडघ्याला तोंड नाही, म्हणून त्याच्यावर ढकलणं सोपं.

९ फेब्रुवारी

संध्याकाळी जाऊ गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. रोज आणते. तिला काढलं त्या दिवशीही आणली होती.

"आज फार वाकावं लागलं का, ताई?"

"हो," म्हटलं. एवढासा शब्द, आणि तोही खोटा.

तिचं म्हणणं खरं असेल तर? हा प्रश्न मी तेव्हाच का विचारला नाही? जाऊ म्हणून तिला झुकतं माप द्यायचं नाही, असं स्वतःला सांगत होते. प्रत्यक्षात झुकतं माप मलाच दिलं.

११ फेब्रुवारी

आज धीर करून म्हटलं, "मामा, सगळ्यात खालचं खोकं काढा."

"त्याला अख्खी रास उतरवावी लागेल, बाई. गाडी दारात उभी आहे. आजच बरं खालचं आठवलं?" मग जवळ येऊन, हळूच — "झाकली मूठ राहू द्या. तुमचीही आहेच त्यात."

मी वरचंच दाखवलं. पास. सही नेहमीसारखी झोकात आली. तीच बघवत नाही.

१२ फेब्रुवारी

परत आलेली जाकिटं गोदामाच्या मागच्या खोलीत पडून आहेत. जेवणाच्या सुट्टीत एकटी गेले. जमिनीवर बसून खालची खोकी उघडली, जाकिटं उलटी करून पाहिली. काखेत शिवण उसवलेली, आणि शेजारी गोंदाचा डाग — बाणाच्या आकाराचा, धूळ धरून काळा पडलेला. एकावर तर बाण तसाच. ओरबाडायचा राहून गेला असावा.

दुरुस्तीला जायचा माल बाण ओरबाडून घाईत तळाला भरला गेला होता. तिने तो काढला होता, मी वाकले नव्हते. एवढंच.

उठता येईना. खोक्याला धरून उठले.

१३ फेब्रुवारी

जावेला सगळं सांगितलं, मान वर न करता. ती पिशवीचं बूच आवळत होती.

"मला ठाऊक होतं, ताई. बाईंचा थर लाइनवर सगळ्यांनाच ठाऊक आहे."

"मग ऑफिसात बोलली का नाहीस?"

"तुम्हालाही काढलं असतं. मग दोघी घरात बसून काय, एकमेकींचे गुडघे शेकायचे?"

तिने पिशवी पुढे केली. मला घेववली नाही.

उद्या — जाकिटांचा आणि परवाचा, माझे दोन्ही 'पास' लेखी मागे घेणे.