बाबांच्या लिव्हरची बदनामी

बाबा, चौथीतून शाळा सोडवून मला काजू वेचायला धाडलंत तुम्हीच, तेव्हा या पत्रातल्या अक्षराला नावं ठेवू नका. परवा खेडच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटाची सोनोग्राफी केली. म्हणाल्या, "आजी, लिव्हरवर चरबी आहे." मी म्हटलं, "बाई, मी जन्मात दारूच्या थेंबाला शिवले नाही." तर हसल्या. "दारूनेच होतं असं नाही. तुमचा डायबेटिस जुना आहे. त्यात शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, साखर रक्तात तशीच राहते, आणि लिव्हर तिची चरबी करून स्वतःतच भरत बसतं." परतताना एसटीत आपला थांबा आला तरी मी खिडकीबाहेरच बघत बसले. सून घाबरलीच.

मला तुमचा चिपळूणच्या डॉक्टरांकडचा दिवस दिसत होता. गिरण्यांचा संप चाललेला, भाऊ मुंबईहून गावी येऊन बसलेला, मी माहेरी आलेली. तुम्हाला साखरेचा आजार होऊन चार-पाच वर्षं झालेली. डॉक्टर पोट दाबतात, म्हणतात, "लिव्हर सुजलंय. घेता का?" तुम्ही म्हणता, "देवाशप्पथ नाही." डॉक्टर माझ्याकडे बघतात आणि मी खाली बघते. शिमगा आठवड्यावर होता. पालखीचा पहिला खांदा आपल्या घराचा, तो त्या वर्षी देवळाच्या मानकऱ्यांनी तुम्हाला दिला नाही. दारुड्याचा खांदा देवाला नको म्हणे. म्हणणारे कोण, तर जे स्वतः झिंगून नाचायचे ते! तुम्ही पडवीत बसून ढोल ऐकत होतात. मी बिनसाखरेचा चहा दिला आणि सोबत गुळाचा हा एवढा खडा. साखर बंद केली होती ना आम्ही, गुळाला कोण साखर म्हणतं! तुम्ही म्हणालात, "तू तरी मानतेस ना गो, मी पीत नाही ते?" मी म्हटलं, "चहा निवतोय."

हे पत्र धाडायचं कुठे? ते मानकरीही सगळे वर पोचले. पण एक तुम्हाला ठाऊक नाही. शिमग्याआधी भावाने मला विहिरीवर गाठून विचारलं होतं, "बाबांच्या तोंडाला वास येतो काय गो?" मी हो म्हटलं. डॉक्टर एवढा शिकलेला, तो उगाच विचारील काय, असं वाटलं. भाऊ तसाच उठून देवळात सांगून आला.

वास कधीच आला नव्हता, बाबा. भावाचा अजून रोज फोन येतो. मी त्याला आंब्याला मोहोर किती आलाय ते सांगते.