कातरलेल्या टिकल्या

प्रिय वहिनी,

तुम्ही असता तर फोनच केला असता, आणि तुम्ही आधी विचारलं असतंत, "जेवलात का भावजी?" नाही जेवलो. तुमच्या चांदीची मी पार वाट लावली, आणि ते तुम्हाला मीच सांगायला पाहिजे.

मी पुण्यात कार्टूनच्या कंपनीत लागलो तेव्हा घरात एकट्या तुम्हीच नीट चौकशी केलीत, चित्र चालतं कसं म्हणून. मी सांगितलं, एकाच शेळीची थोडी थोडी हललेली पुष्कळ चित्रं काढायची, कॉम्प्युटरमध्ये घालायची आणि भराभर दाखवायची. "एवढंच व्हय?" म्हणालात, आणि तुमच्या माहेरची, धारूरकडची चांदी शेळी काढायला बसलात. कपाळावर पांढरा ठिपका, एक कान मुडपलेला. तिनं बांधावरून पलीकडं उडी मारायची, एवढीच गोष्ट. लई झकास उडी होती ती!

गठ्ठा जुन्या साडीत बांधून दिलात. मी तो पुण्याला नेऊन कपाटावर टाकला. "भावजी, आमची चांदी कवा पळायची?" दर फोनला हेच. मी म्हणायचो, बघू दिवाळीनंतर. दिवाळ्या काय, येतातच की! तुमचं दुखणं मात्र दिवाळी बघत बसलं नाही. शेवटच्या फोनवर तुम्ही चांदीचं नावच काढलं नाहीत. का हो? मला ओशाळं वाटू नये म्हणून? त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुमच्या वर्षश्राद्धाला दादाला चांदी पळताना दाखवायची असं ठरवलं, आणि परवा एकदाचा गठ्ठा सोडला. ऑफिसातलं स्कॅनर कागद आपोआप ओढून घेतं, पण तुमचे कागद त्यात मावेनात. मधोमध चांदी, भोवती मोकळी जागा, आणि प्रत्येक कागदाच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत कुंकवाची टिकली. मला वाटलं, पूजा केली असणार. नवी वही असो की नवा ट्रॅक्टर, कुंकू लावल्याशिवाय आपल्याकडं कोण हात लावतं? मी हात जोडले, आणि एकेका कागदाच्या कडा चांदीच्या जवळून, जमेल तशा, कटरनं सपासप उडवल्या. काम लवकर उरकलं म्हणून वर चहासुद्धा प्यालो!

मग चित्रं चालवून पाहिली. चांदी पळेचना. जागच्या जागी थरथरत होती, कधी वर, कधी खाली, ताप भरल्यासारखी. दादाला फोन करून विचारलं, वहिनी कागदावर कागद कसा जुळवायच्या?

"टिकल्या न्हाई दिसल्या का तुला?" दादा म्हणाला. "तूच सांगितलतं ना तिला, समद्या कागदाला एकाच जागी खूण कर म्हनून. पेन्सिलीची खूण दिसंना, मग कुंकू लावलं तिनं. खिडकीच्या काचेवर टिकलीवर टिकली आली की मग काढायची. कागद धरून मीच उभा ऱ्हायचो."

मीच सांगितलं होतं, वहिनी! मीच! आता आम्ही सगळं थेट स्क्रीनवर काढतो, त्यामुळं कागदाच्या खुणा माझ्या डोक्यातूनच गेल्या. धावत खाली गेलो, तर कचऱ्याची गाडी कडा घेऊन गेलेली. बांधही तुम्ही फक्त पहिल्या कागदावर काढलेला. पुढं चांदी किती उंच उडाली, कुठं उतरली, ते त्या टिकल्यांनाच ठाऊक होतं. कॉम्प्युटरला अंदाजानं जुळवायला लावलं, तर चांदी बर्फावरून घसरल्यासारखी गेली. ती तुमची शेळी नव्हती. पुसून टाकली.

आज सकाळी तेलगावला घरी आलो. कातरलेला गठ्ठा दादापुढं ठेवला आणि मान खाली घालून बसलो. त्यानं एकेक कागद उलटून पाहिला.

"का रं कातरलं?"

तो उठला आणि देवळीतला तुमचा कुंकवाचा करंडा घेऊन आला. तुम्ही गेल्यापासून त्याला त्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता. करंडा माझ्या हातात दिला, मोठ्या कागदावर एक चित्र ठेवलं आणि खिडकीच्या काचेवर धरलं. मग जरा खाली घेतलं. "तिचा हात हितंपतूरच पुरायचा," म्हणाला.

मला रडू आलं. तो कागद धरून तसाच उभा राहिला.

वहिनी, शब्द देतो. एकेक चित्र मोठ्या कागदावर डकवीन, नजरेनं जुळवीन आणि कोपऱ्यात तुमच्याच कुंकवाची टिकली लावीन. वर्षश्राद्ध हुकलं तर हुकलं, पण आता घाई करणार नाही. चांदी बांधापलीकडं उतरेल, आणि दादा ते बघेल. तुम्हाला कसं दाखवू, ते मात्र कळत नाही.

ऊन आहे तोवर काचेतून दिसतं. दादा कागद धरून उभा आहे, हाक मारतोय. उठतो.

तुमचा अपराधी,
सुधाकर भावजी