जनाबाईचं जेवण

चांदा, १९५५. मार्गशीर्षातला गुरुवार.

जनाबाईच्या गालातली कर्करोगाची गाठ सकाळी सर्जननी कापली. दुपारी जनाबाई वारली. गाठीची पातळ चकती मात्र इथे इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, माझ्या काचपात्रात, कोमट साखरपाण्यात डोलते आहे. साखर खाते, आम्ल सोडते, आणि त्या आम्लाने सुटलेल्या वायूमुळे पात्राला जोडलेल्या नळीतली पाण्याची रेघ वर चढते. भरपूर हवा असतानाही या पेशी अशा आधाशासारख्या साखर का संपवतात, एवढंच मला शोधायचं होतं. एवढंच?

संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ देवाजी बैलगाडी घेऊन प्रेत न्यायला आला. मी चहा पुढे केला. त्याने हात लावला नाही.

"बाईले अग्नी देल्याबिगर आमच्या घरी कोणी खात नाई, साहेब." मग काचेकडे पाहून, "हे काय हालून राह्यलं?"

खोटं बोलायला हवं होतं का? सांगून टाकलं, तुझ्या बहिणीची गाठ आहे, साखर खाते आहे.

"मंग बाई अजून जेवून राह्यली. जेवता जेवता तिले जाळू कसा?"

म्हटलं, ही ती नव्हे, हिनेच तिला मारलं.

"तिच्याच अंगची ना?" म्हणाला, आणि बैल सोडून व्हरांड्यात बसला.

साखरपाणी ओतून दिलं की रेघ थांबेल. दोनदा उठलो. जेवत्या माणसाला ताटावरून उठवू नये, आई म्हणायची. काय हा मूर्खपणा! पण माझाही डबा तसाच पडला आहे.

आत्ता देवाजीने दारातून विचारलं, "झालं काय बाईचं?"

मी रेघ पाहिली आणि म्हणालो, "अजून नाही."