कोपरा न फाडलेलं कार्ड

गिरगाव, १९ जानेवारी १९५६

सौ. आक्कास जगदीशचा सा. न. आणि सलाम. वि. वि.

इकडे कर्फ्यू आहे. चर्चच्या गल्लीच्या तोंडाशी पोलीस उभे असतात. टपाल पोचतं की नाही देव जाणे, तरी लिहितो. मंडळी मंगळवारी गेली. घर रिकामं वाटतं. हात मोडल्यासारखं झालंय. रस्ते खुले झाले की एकदा ये. भावोजींना म्हणावं, मोर्च्यात पुढे राहू नका.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझा,
जगदीश

॥ श्री ॥

लालबाग, २६ जानेवारी १९५६

चि. जगदीशास आक्काचे अ. आ. वि. वि.

तुझं कार्ड काल आलं. गिरगावाहून लालबागला सहा दिवस लागले. मुंगी निघाली असती तर तीही आधी पोचली असती. मंडळी गेली ते शहाणपणाचं झालं. गोळीबाराला भिऊन आमच्या चाळीतल्याही निम्म्या बायका बिस्तरे बांधून गावी गेल्या. तुझी नगरला माहेरी बोरं खात बसली असेल आणि तू इथे सुस्कारे टाकतोयस. अरे, छापखान्यात दिवसाला हजार खिळे जुळवून पानंच्या पानं उभी करणारा तू, तुला दोन भाकऱ्या जुळवता येत नाहीत? लग्न झालं की नवरे पाटावरचे गणपती होतात, ते असे. चार दिवस उपास घडू दे, बायकोची किंमत कळेल.

हात मोडले असतील तर जोडून घे आणि कुळथाची पिठी कर. लसणाची फोडणी, दोन मिरच्या, पाणी उकळू दे. पीठ आधी थंड पाण्यात कालव, मगच वर ओत. थेट टाकलंस तर गुठळ्या होतील आणि माझ्या नावाने खडे फोडशील. शेवटी दोन आमसुलं.

ती परतली की दोघं या. पहिल्या खेपेचं मनात ठेवू नको म्हणावं तिला. मी बाजारातून निळ्या फुलांचे सहा कप आणलेत. सगळ्यांना कान आहेत.

भावोजी बरे आहेत. घसा बसलाय, पण घोषणा चालूच. गुडघ्यांमुळे मला लगेच येणं जमणार नाही. लोभ पातळ होऊ देऊ नको.

आक्का

गिरगाव, १२ फेब्रुवारी १९५६

ती. सौ. सुंदराबाईंस कृ. सा. न. वि. वि.

तुमची माझी ओळख नाही. मी इथल्या चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते. जगदीशदादा आमच्या मंडळीतले. चर्चला येणारे आम्ही सगळे मिळून जे होतो, त्याला आम्ही मंडळी म्हणतो. तुमचं पत्र दादांनी मला पिठीची कृती वाचून दाखवायला दिलं, चष्मा सापडत नव्हता म्हणून. बाकीचंही माझ्याकडून वाचलं गेलं. तुम्हांला काही कळवू नको म्हणून त्यांनी बजावलंय. मी ऐकत नाहीये, त्याचा राग माझ्यावर काढा.

एस्तेरवहिनी नगरला गेलेल्या नाहीत. १७ जानेवारीला न्यूमोनियाने त्या वारल्या.

पाळकसाहेबांनी खटपट करून सात जणांचे पास काढले. बाकीच्या आम्हांला घराबाहेर पडता येईना, म्हणून आपापल्या गॅलरीत उभं राहून वहिनींच्या आवडीचं गीत म्हटलं. एका घराचा सूर दुसऱ्या घराच्या मागे पडत होता. शिवडीच्या दफनभूमीकडे जाताना लॉरी पास तपासायला लालबागला थांबली, नेमकी तुमच्या चाळीखाली. दादा वर बघत राहिले, असं हेमचंद्रमास्तर सांगतात. तुमची खिडकी बंद होती.

तेव्हापासून मंडळीने पाळ्या लावल्यात. डबा पाठवायचा नाही, आपलं जेवण घेऊन जायचं आणि त्यांच्याबरोबर बसून जेवायचं. सोमवारी मास्तर जातात. ते चर्चमध्ये पेटी वाजवतात आणि एरवी बोलत नाहीत. दोघं मुकाट जेवतात, मास्तर भांडी विसळून घरी येतात. सुरुवातीला दादा घास चिवडत बसायचे. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी ते उठून कुळथाचं पीठ घेऊन आले. पिठीच्या गुठळ्या झाल्या. गेल्या बुधवारी झाल्या नाहीत.

लहान समजून पदरात घ्यावं.

सुमेधा

लालबाग, १५ फेब्रुवारी १९५६

चि. जगदीशास, आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, पण दुसरं लिहिण्याचा मला अधिकारही नाही, म्हणून अ. आ.

वर श्री घातलेला नाही. सुतक फिटायचे दिवस उलटून गेल्यावर मला सुतक कळलं.

तुझं कार्ड आलं तेव्हा भावोजींनी पहिलं हेच विचारलं, कोपरा फाटलेला नाही ना. दिवसच तसे होते. मी चारी कोपरे बोटांनी चाचपले. शाबूत होते. अशुभाच्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात, हे आईने आपल्या दोघांना एकाच ओसरीवर शिकवलं. तू बाप्तिस्मा घेतल्यापासून तुझ्या कार्डावर श्री नसतो, त्याची सवय झाली होती. कोपऱ्यावर मात्र मी भिस्त ठेवली.

ही झाली पळवाट. कोपरा शाबूत असला तरी "हात मोडल्यासारखं झालंय" हे तूच लिहिलं होतंस, आणि तू लहानपणी विंचू चावला तरी न रडणारा. ते वाचूनही मला गंमत सुचली. उपास घडू दे म्हणाले. बोरं खात असेल म्हणाले. जीभ झडत नाही माणसाची, हेच नवल.

ती लॉरी मी पाहिली, जगदीश. अश्रुधूर सोडणार म्हणून शेजारणी ओरडत होत्या, म्हणून खिडकी लावायला उठले. खाली लॉरीत एक बोडका माणूस मान वर करून बसला होता. डोळ्यांवर चष्मा नव्हता. वाटलं, कुणाचं तरी माणूस गोळीने गेलं बिचाऱ्याचं. हात जोडले आणि कडी घातली. माझ्याच भावाच्या तोंडावर.

आणि तो कप. ती एकदाच आली माझ्या घरी. कान तुटलेल्या कपात मी तिला चहा दिला, आणि तो खिडकीत वेगळा ठेवायला गेले तर तिने माझ्या हातून घेतला, स्वतः विसळला आणि स्वतःच खिडकीत नेऊन ठेवला. कुठे ठेवायचा, हे मी सांगायच्या आत तिला कळलं होतं. अठरा वर्षं झाली. आता सहा कप आणून ठेवलेत. वरातीमागून घोडं.

तू इकडेच राहायला ये. खोली एकच आहे, पण पोटात जागा असली की घरात होते. त्या मुलीला रागावू नको.

लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तेवढा दे.

आक्का

गिरगाव, ४ मार्च १९५६

सौ. आक्कास सा. न. आणि सलाम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. राग आला होता, खोटं कशाला लिहू.

कोपरा मी फाडायला घेतला होता, चिमटीत धरलाही होता. एस्तेर म्हणायची, माणूस गेलं त्यात कार्डाचा काय गुन्हा. म्हणून सोडला.

"मंडळी" का लिहिलं, ते तू विचारलं नाहीस. पहिल्या कार्डावर मी एस्तेर असंच लिहिलं होतं. मग आठवलं, तुझ्या घरात ते नाव आजवर कोणी घेतलेलं नाही. तू "तुझी" म्हणतेस, भावोजी "ते लोक" म्हणतात. वाटलं, नाव वाचून तू म्हणशील, ही कोण. ते कार्ड चुलीत घातलं आणि दुसरं घेतलं. तेव्हा त्या शब्दाचा दोष तुझ्या एकटीचा नाही. माझीही जीभ तुझ्या उंबऱ्यावर अडखळली.

लालबागला राहायला येत नाही. इथे मला एकटं पडू देत नाहीत, छळतात म्हण. बुधवारी कांताबाई येते, ती दोन भाकऱ्या खाल्ल्याशिवाय उठू देत नाही. मास्तर गेल्या सोमवारी चक्क बोलले: मीठ कमी आहे. एक मंडळी गेली आक्का, दुसरीने हात धरून ठेवलाय.

१ एप्रिलला ईस्टर. आमच्याकडे त्या सकाळी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, आणि नाव वाचलं की घरचं माणूस उभं राहतं. एस्तेरच्या भावांना नगरहून यायला रजा नाही. तू येशील का? यायलाच हवं असं नाही.

लोभ उरलाय. मोजलेला नाही.

जगदीश

॥ श्री ॥

लालबाग, ३ एप्रिल १९५६

चि. जगदीशास अ. आ. वि. वि.

परवा सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तिचं नाव वाचलं आणि तू उठलास. मी बसून राहिले. तुला वाटलं असेल गुडघे. गुडघे ठीक होते रे. मनात आलं, घरचं माणूस म्हणून मी कोणत्या तोंडाने उठू. खाली मान घालून बसले, तोच पाठीमागे बाकांची करकर ऐकू आली. वळून पाहिलं तर ती भाकऱ्यावाली कांताबाई उभी, सुमेधा उभी, कडेवर पोरं घेतलेल्या बाया उभ्या, दाराशी चपला सांभाळणारा म्हातारा उभा. घरचं माणूस म्हटलं तर आख्खी मंडळी उठली होती, आणि तिची नणंद तेवढी बसलेली. मग तुझे ते मुके मास्तर पेटीमागून हळूच म्हणाले, बाई, उठा. उठले.

ते सहा कप तिथल्या चहाला ठेवून आले, ते तुला माहीत आहे. घरी आल्यावर खिडकीतला कप काढला. त्यातच मी आता चहा घेते. कान नसला की बोटं भाजतात. तिची भाजली असतील, बोलली नाही.

अशुभाचं कार्ड वाचून फाडायचं असतं, घरात ठेवत नाहीत. मी तुझं फाडणार नाही. देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय. "मंडळी"च्या वर पेन्सिलीने तिचं नाव लिहून बघितलं, सुमेधाच्या पत्रात पाहून. मला अक्षरओळख तुझ्या पाटीवरूनच झालेली. सवयीचे शब्द येतात, नवं नाव हाताला वळत नाही. "एसतेर" झालं. खोडलं, पुन्हा लिहिलं, कार्डाला भोक पडायची वेळ आली.

तेवढं नाव तुझ्या हाताने मोठ्या अक्षरात एका कागदावर लिहून पाठव. गिरवीन.

लोभ असू दे, माझ्यावर आणि माझ्या अक्षरावर.

आक्का