हळदीच्या गाण्यातली मोकळी जागा

अम्मा, आज पार्सल आलं. ग्रीक व्याकरणाचं जुनं पुस्तक, पंचावन्न रियाल. घरपोच करायचे पंधरा वेगळे. तू न पाहिलेल्या तुझ्या नातीचं. इथे रियाधमध्ये बसून ती ऑनलाइन कॉलेजात ग्रीकांची फार जुनी वीरगाणी शिकते. दुपार कलताना असरची नमाज झाली की मला धरून बसवते. "मम्मी, सुनो ना." म्हणते, घराला त्यांचा जो शब्द आहे त्याच्या तोंडी पूर्वी 'व' होता. बोलण्यातून तो गेला, लिहिण्यातही आला नाही, पण गाणाऱ्यांनी त्याची जागा सोडली नाही. तिथे शेजारचे दोन स्वर एकमेकांत मिसळू देत नाहीत. नामांना शेवटी लागणारे प्रत्ययही गाण्यात जुने नि नवे दोन्ही चालतात. ताल मागेल तो घ्यायचा.

मी भाजी निवडायची थांबले. तुझं हळदीचं गाणं आठवलं. 'हळदीची वाटी' म्हणून तू एक श्वास थांबायचीस, मग 'आणा आईच्या हाती'. मी नुकती मॅट्रिक झालेली, तुझी गाणी वहीत उतरवत होते. ती जागा मला चूक वाटली. मावसबहिणीच्या हळदीला तू थांबलीस आणि मी मोठ्याने मध्येच 'गो' घातला. बायका हसल्या, "आता मास्तरीणबाई शिकवणार हो!" तू ढोलकी माझ्याकडे सरकवलीस. "शिकलेली आहेस, तूच म्हण." त्यानंतर कुणाच्या हळदीला तू गायली नाहीस.

काल खालाला, तुझ्या बहिणीला, फोन केला. तिने गाऊन दाखवलं, आणि नेमकी तिथेच थांबली. विचारलं तर म्हणते, "जागा आहे ती. आमची आईही थांबायची. कशाला, ते अल्लाला ठाऊक." तिथे काय होतं ते आता कळायचं नाही. पण पोरीने तो श्वास पहिल्या खेपेलाच बरोबर घेतला, आणि मलाच दटावलं, "मम्मी, यहाँ जगह खाली रखो." ईदनंतर गावी तिची हळद आहे. तिला हेच गाणं हवंय, आणि पहिली ओळ मी धरायची म्हणते.

गेलेल्या माणसाला दुआ पोचते, पत्र पोचत नाही, एवढं मला समजतं. तरी लिहिते, कारण एक गोष्ट तिला खोटी सांगितली आहे. नानीचा घसा बसला म्हणून तिने गाणं सोडलं, असं. आज संध्याकाळी मगरिबच्या नमाजेनंतर खरं सांगणार आहे. मग मी ढोलकी घेऊन पुढे बसले तर तुला चालेल का, तेवढं उलट टपाली कळव.