जिवंत नवऱ्याचा फोटो तटातून काढू देण्याबाबत

प्रति,
मा. किल्ला संरक्षण अधिकारी,
पालिआ पोर्ता, पेलोपोनिसोस.

विषय : किल्ल्याखालच्या वळणावरील देव्हाऱ्यातून माझ्या हयात पतीचा फोटो रविवारपूर्वी काढण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : पहारेकरी श्री. लिनार्दोस यांनी दिलेली तोंडी ताकीद.

महोदय,

१. परवा भर दुपारी, सारे गाव निजलेले असताना, आमच्या दारावरची पितळी कडी वाजली. मुलगी जागी होईल म्हणून मी धावले, पण माझे पती आर्गीरिस लंगडत आधी पोचले. दारात व्होलोस शहराहून आलेला एक मोटारसायकलस्वार उभा होता. काखेत हेल्मेट, हातात पांढरी फुले. "दिवंगत आर्गीरिस यांच्या पत्नीला भेटायचं होतं," तो म्हणाला. पती उत्तरले, "दिवंगत मीच. बोल, काय काम काढलंस?" पाहुण्याच्या तोंडचे पाणी पळाले. "ये, बस. माझ्या मयताची ब्रँडी तरी पिऊन जा," असे म्हणून पतींनी त्यास आत घेतले.

२. या प्रकारास मी जबाबदार आहे. माझे पती मोटारसायकलस्वारांच्या टोळ्या घेऊन किनाऱ्यावरची जुनी गावे आणि किल्ले दाखवीत. गेल्या वर्षीच्या वसंतात आपल्या किल्ल्याखालच्या वळणावर त्यांची गाडी खडीवरून घसरली. शस्त्रक्रिया चालू असता मी पनाईयामातेला नवस बोलले, की हा घरी आला तर त्याच वळणावर तुझा देव्हारा बसवीन. वाचलेल्याचाही देव्हारा आपल्याकडे बसवतात, परंतु फोटो फक्त मेलेल्याचा ठेवतात, हे मला ठाऊक होते. तरीही, तिथे आधीच दुसऱ्यांचे दोन देव्हारे असल्याने मातेचा घोटाळा होऊ नये म्हणून मी पतींचा हसरा फोटो आत ठेवला आणि त्यावर काच लावून सिमेंटने किल्ल्याच्या तटात पक्की करवली. अशुभ टळावे म्हणून सासूबाई तीनदा थुंकल्या. "अगं सूनबाई, जित्या माणसाला काचेत कोंडतेस?" मी म्हटले, "हसतोय ना तो? मग झालं तर!" आपल्या कार्यालयाची परवानगी मी घेतली नव्हती, याची मला लाज वाटते.

३. परक्या स्वारांना माझा नवस काय ठाऊक! ते थांबतात, हेल्मेट काढतात, दिवा लावतात. कुणी हातमोजे ठेवतो, कुणी बिअर ओततो. पती गेल्याची वार्ता पसरली आणि त्यांना बोलावणे बंद झाले. ते म्हणत राहिले, "लंगड्याच्या मागे कोण गाडी घालणार!"

४. त्या पाहुण्याच्या क्लबाने येत्या रविवारी पतींची स्मरणफेरी आधीच ठरवली होती, तेच सांगायला तो आला होता. रद्द करा म्हटले, तर पती हट्टाला पेटले. "माझ्याच स्मरणफेरीत मी घरी बसू? पुढे मीच चालवणार." अपघातानंतर ते अजून गाडीवर बसलेले नाहीत. काल मी छिन्नी घेऊन गेले, तेव्हा श्री. लिनार्दोस यांनी पकडले. "बसवताना विचारलं नाहीस, आता काढताना तरी विचार, पोरी." त्यांचे बरोबरच आहे.

५. महोदय, पुढील मजकूर अर्जाच्या विषयात बसत नाही, तरी लिहिते. घरी बोलायची हिंमत नाही. ती फुले आणि हातमोजे पाहून पतींना येणारे फोन का थांबले, ते मला हिवाळ्यातच कळले होते. तरी मी दर शनिवारी काच पुसली, तेल घातले आणि फोटो राहू दिला. मेलेल्या माणसाला रस्त्यावर कोण बोलावतो? तो घरी बसून मुलीला संत्री सोलून देत होता, तिच्या वेड्यावाकड्या वेण्या घालत होता. मला ते गोड लागले. तो स्वतःला निकामी समजत राहिला आणि मी समजू दिले.

तरी विनंती, की फोटो काढू द्यावा. तट पूर्ववत करून देईन. रविवारपूर्वी शक्य नसल्यास देव्हाऱ्यावर निदान एक फडके टाकू द्यावे आणि सर्वांच्या पुढे माझ्या पतींना किल्ल्याच्या दरवाजातून आत सोडावे, म्हणजे लोकांना त्यांचे तोंड दिसेल.

आपल्यासमोर मान खाली घालून,
इरोफिली कानेलोपूलू
दिनांक : १४ मे

सोबत : पतींचा हयातीचा दाखला, गवंड्याचे हमीपत्र.

ता. क. : सही करताना मुलगी मिर्तो उठून मांडीवर आली. काय लिहिलेस म्हणून विचारले, ते सांगितले. तिने विचारले, "आई, रविवारी बाबा परत आलेच नाहीत, तर हाच फोटो पुन्हा लावायचा का?"