पुढे मनाली, मागे मी

वळ, ता. भिवंडी
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. हेमालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन असताना दादा पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. अगं, आपल्या घरात फोन कायम स्पीकरवर. मी तुझ्याशी बोलायला लागलो की आईपासून दूधवाल्यापर्यंत सगळे मत देतात. शिवाय तू हॉस्टेलला असताना तुला पत्रं लिहायचो, ती सवय हाताला अजून आहे.

तर मुद्द्याचं. मनालीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते. एप्रिलच्या शेवटी तिला घेऊन तुमच्याकडे हॉलंडला येतो. तू सारखी सांगतेस ना, तिकडे दोन माणसांनी मिळून चालवायची जोडसायकल भाड्याने मिळते? तीच हवी. आठवडाभर बापलेक तिच्यावर फिरू. तुझी वहिनी येणार नाही. आईला सोडून कशी येऊ म्हणते, आणि दोघांच्या सायकलवर मी तिसरी कुठे बसू, असंही म्हणते. मनाली खूश आहे, पण तोंड मात्र असं करते जणू माझ्यावर उपकार करतेय. हे वयच तसलं.

दुकानदाराला उंची कळवायची असते असं तू म्हणाली होतीस. पुढे मनाली, पाच फूट तीन. मागे मी, पाच नऊ.

आणखी एक. पोरगी परवा एकदम म्हणाली की अकरावीला पुण्याला जाणार नाही, इथेच भिवंडीत शिकेन. आठवीपासून पुण्याचा धोशा लावलेला हिने! तुझी वहिनी मेघाली तिच्याशी दोन दिवस बोलली नाही. कारण विचारलं तर पोरगी खांदे उडवते. खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं. मग आपल्याला बरं वाटलं याचीच लाज वाटली.

बाकी गोदामांची भाडी सुरू आहेत, कंटेनरची धूळ सुरू आहे, आईची बडबड सुरू आहे. भूपेशरावांना नमस्कार. लोभ आहेच, त्यावर गंज चढू देऊ नकोस.

तुझा,
हरेशदादा


युट्रेक्ट
२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
हेमालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी आणि भूपेश घरभर नाचलो. भूपेशने लगेच नदीकाठचा सपाट रस्ता शोधलाय. चढ नाही, ट्रक नाही, खड्डा तर औषधालाही नाही. भिवंडीच्या माणसाला रस्त्यावर आहोत असं वाटणारच नाही.

पण दादा, तू उंची उलटी लिहिलीस की रे! आपल्या डबलसीटसारखं हे नसतं. इथे मागचाही पॅडल मारतो, दोघांची पॅडल एकाच साखळीने जोडलेली. एक थांबला की दुसऱ्यालाही थांबावं लागतं. मात्र हँडल, ब्रेक, गिअर सगळं पुढच्याच्या हातात. मागच्याला काहीही करता येत नाही, नुसता विश्वास ठेवायचा. म्हणून वजनाने आणि अनुभवाने मोठा माणूस पुढे बसतो. दुकानदाराला मी बरोबर करून सांगितलंय, पुढे तू, मागे मनाली. काळजी नसावी.

तू मला कॅरिअरवर बसवून अकलोलीच्या गरम कुंडांपर्यंत न्यायचास, आठवतं का? येताना अंधार पडायचा, आणि तू हँडल सोडून दोन्ही हात वर करायचास. मी किंचाळायचे आणि तू हसायचास. तोच माणूस आता मागे बसायचं म्हणतोय, याचं मला हसूच आलं. म्हातारा झालास की काय?

मनालीचं मात्र मला कळेना. दिवाळीत माझ्याशी तासभर पुण्याबद्दलच बोलत होती. कुणी मुलगाबिलगा तर नाही ना? वहिनीला सांगू नकोस मी असं विचारलं ते, नाहीतर माझी धडगत नाही. पण तू नीट विचार तिला. पोरं खांदे उडवतात तेव्हा खांद्यावर काहीतरी असतं.

आईला नमस्कार सांग. पत्र येत राहो, रागावलास तरी येत राहो.

तुझी,
हेमा


वळ
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हेमालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी उंची उलटी लिहिली नव्हती. अजून मला पुढचं-मागचं कळतं. दुकानदाराला पुन्हा सांग, पुढे मनालीच. पोरीने जबाबदारी घ्यायला शिकायला हवं. शिवाय माझा गुडघा दुखतो. आईला सांगितलं तर तीसुद्धा म्हणाली, बाप मांगं न पोर फुरं, ह्या काय बरा दिसत न्हाय. तुम्ही मायलेकी एकच. पण हा हट्ट माझा आहे, आणि घरात माझे हट्ट फारसे चालत नाहीत, म्हणून हा एक चालू दे.

दुसरं म्हणजे, दुपारी चारनंतर सायकल चालवायची नाही असं ठरव. झाडीतला रस्ताही नको. थंडी असते म्हणतात.

तुझी ती मुलाबिलाची शंका मी मनालीला विचारली नाही. मार खायची माझी तयारी नाही. तिची परीक्षा आजच सुरू झाली. रोज संध्याकाळी धामणकर नाक्यावरच्या क्लासमधून मीच तिला स्कूटरवर आणतो. परवा तिथे एक हातगाडीवाला मध्येच आला आणि थोडं घासलं. चूक त्याचीच. या लोकांना रस्त्याचं काही भान नसतं. स्कूटरचा आरसा गेला, मनालीला काही लागलं नाही. हे वहिनीला फोनवर बोलू नकोस, ती उगाच घाबरते.

व्हिसाचं काम मार्गी लागलंय. तू माझ्यावर हसलीस, त्याचा राग नाही. लोभ कमी झाल्यास आधी कळवावे.

तुझा,
दादा


वळ
२३ मार्च २०२५

ती. आत्यास,
मनालीचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी हाताने लिहून त्याचा फोटो पाठवतेय, कारण पोस्टाला तीन आठवडे लागतात आणि तोपर्यंत माझं धाडस जाईल. पप्पांना सांगू नकोस. म्हणजे सांग, पण मी सांगितलं असं नको. मला नीट कळत नाहीये काय करायचं ते.

पप्पांनी तुला हातगाडीवाल्याचं लिहिलं असेलच. आत्या, तो मध्ये आला नव्हता. रामनाथ नाव त्याचं. लूमच्या कारखान्यातले कापडाचे तागे गाडीवर घेऊन तो रस्त्याच्या डाव्या कडेला, दिव्याखाली, नुसता उभा होता. पप्पांनी सरळ जाऊन त्याच्या पायावर स्कूटर घातली. तो ओरडलासुद्धा नाही गं. खाली बसला आणि मला म्हणाला की मैं तो कब से यहीं खडा था, बेटी. पप्पा त्याच्यावर एवढे ओरडले, एवढे ओरडले, की लोक जमले. मी पप्पांना असं कधीच बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी शोधत गेले तर त्याचा पाय सुजला होता आणि त्याची गाडी दुसराच कुणी ओढत होता.

आता जे सांगतेय ते कुणालाच माहीत नाही. मी सहावीत असताना पप्पांनी एक खेळ काढला होता. ते एसटीचे ड्रायव्हर आणि मी मागे बसलेली कंडक्टर. पाठीवर एक टिचकी म्हणजे घंटी एकदा, थांबा. दोन टिचक्या म्हणजे चला. डाव्या खांद्यावर हात ठेवला तर डावीकडून कुणीतरी येतंय, उजव्या खांद्यावर तर उजवीकडून. मी नीट घंटी दिली की घरी पोचल्यावर ते माझं कौतुक करायचे, आमची कंडक्टरीण लय हुशार हाय म्हणायचे. मी मोठी झाले, मला त्या खेळाची लाज वाटायला लागली, पण ते सोडायला तयार नव्हते. त्या दिवशी क्लासमध्ये मैत्रिणीशी भांडण झालं होतं. मी रागात होते. मी घंटी दिली नाही.

तेव्हा मला कळलं, तो खेळ नव्हताच. पप्पांना दिसत नाही, आत्या. समोरचं दिसतं, वाचतातही, पण बाजूचं नाही, आणि संध्याकाळी तर काहीच नाही. मग मला घरातलंही सगळं दिसायला लागलं. ताट उजवीकडे ठेवलं की ते ताट कुठाय म्हणून विचारतात. मम्मीला वाटतं त्यांचं लक्ष नसतं. खरं तर त्याआधीच, दिवाळीनंतर, मला काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. एकदा मी मामाकडे राहिले तर ते रात्री स्कूटर नाक्यावर ठेवून चालत आले होते. म्हणून मी पुण्याला जाणार नाही. मी गेले तर घंटी कोण देणार?

मला खूप भीती वाटते, आणि त्यांचा खूप रागही येतो. रामनाथकाका मेले असते तर ते माझ्यामुळे झालं असतं ना?

उत्तर लवकर दे. माझ्यावर रागावू नकोस, एवढाच लोभ असू दे.

तुझी,
मनू


युट्रेक्ट
२५ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे कुरिअरने पाठवतेय. दार लावून एकट्याने वाच.

मला मनालीने सगळं लिहिलंय. तिचं नाव लपवणार होते, पण या घरात लपवालपवी पुरे झाली. तिच्यावर रागावलास तर मी तुझी बहीण नाही. दादा, तुझी मुलगी मला विचारते की रामनाथ मेला असता तर ते तिच्यामुळे झालं असतं का. पंधरा वर्षांच्या पोरीने हा प्रश्न का विचारावा? तू स्वतःचे डोळे तिच्या हातात दिलेस आणि तिला सांगितलंसुद्धा नाहीस. ती खेळ समजून तुला जिवंत घरी आणत होती. आता कळल्यावर स्वतःचं पुणं सोडून बसलीय. हे लिहिताना मला तुझा इतका राग येतोय की पेन कागदात रुततंय, आणि रडूही येतंय.

तुझ्या गुडघ्याचं वाचून मी हसले. तुला म्हातारा म्हणाले. मला काय माहीत रे!

स्कूटरची किल्ली वहिनीच्या हातात दे. तिला सगळं सांग, डॉक्टरला दाखवलं असशील तर ते काय म्हणतात तेही. हे होईपर्यंत मी सायकल ठरवणार नाही. आणि एक मला कळत नाही. दिसत नाही हे लपवायचंच होतं, तर या सायकलचा एवढा हट्ट कशाला? तुम्ही दोघं आला असता, बसने फिरलो असतो, कुणाला काही कळलंही नसतं.

उत्तराची वाट बघते. लोभ जाणार नाही, कितीही राग आला तरी.

हेमा


वळ
१३ एप्रिल २०२५

चि. सौ. हेमालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचल्याला बरेच दिवस झाले. पहिले काही दिवस तुझ्यावर रागावलो, मग पोरीवर, मग रागवायला कुणी उरलं नाही.

मेघालीला सांगितलं. ती नारळ खवत होती, खवतच राहिली. कधीपासून, एवढंच विचारलं. काचबिंदू आहे, पाच वर्षं झाली, थेंब गोदामाच्या ऑफिसात ठेवतो, गेलेली नजर परत येत नाही, असं सगळं मी एका दमात बोललो. मग तिने विचारलं, आणखी कुणाला माहीत होतं? मी म्हणालो, कुणालाच नाही. तेव्हा दारातून मनाली म्हणाली की मला होतं. मेघालीने खवणी बाजूला ठेवली आणि पोरीला जवळ घेतलं. मला कुणी जवळ घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

किल्ली मेघालीकडे आहे. स्कूटर विकायला काढलीय. मी शेअर रिक्षाने जातो, गोदामातला पोऱ्या नाक्यापर्यंत सोबत येतो. वळमध्ये आता सगळ्यांना कळलंय. ज्यांच्याशी मी तावातावाने भांडायचो ते आता माझा हात धरून गटार ओलांडून देतात. त्यापेक्षा त्यांनी भांडावं.

रामनाथकडे मनालीला घेऊन गेलो. त्याच्या खोलीत उभं राहून माफी मागितली. त्याने मला बसायला बाकडं दिलं. मला ते दिसलं नाही, मनालीने हाताला धरून बसवलं. त्याला पाय अजून टेकवत नाही. तो बरा होईपर्यंत त्याच्या घरचं आम्ही बघतोय, पण त्याने माफ केलं असं काही म्हटलेलं नाही.

मनालीला सांगितलं की चूक तुझी नव्हती, कधीच नव्हती. पुण्याला जाईन म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. किती खरं ते माहीत नाही. रात्री उठून माझ्या खोलीत डोकावते, पाणी हवं का विचारते. हे तिला मी शिकवलंय, आता विसरायला कसं शिकवू ते तू सांग.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बसने फिरलो असतो तर ती शेजारी बसली असती. शेजारचं मला दिसत नाही, हेमा. जेवताना ती बाजूला बसली की माझ्यासाठी तिचा नुसता आवाज असतो. स्कूटरवर ती मागे असायची, तेव्हा तर टिचकीच. डॉक्टर म्हणाले, कडा आधी जातात, नाकासमोरचं तेवढं सगळ्यांत शेवटी जातं. त्या सायकलवर मी मागे बसलो तर दिवसभर नाकासमोर तीच असेल.

मला तुमचा देश बघायचा नाही.

तिला हे सांगू नकोस, जमलं तर मीच सांगेन. आमच्यावरचा लोभ तेवढा सांभाळून ठेव.

तुझा,
दादा